पंचफुलाबाईचं तोंड

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा तिथल्या एका जुन्या शिक्षकांनी मला दोन सल्ले दिले. खोली बस स्टँडच्या मागे घ्या, तिकडे पाण्याची अडचण नाही. आणि सायकल बिघडली तर काहीही करा, पण पंचफुलाबाईकडे नेऊ नका. काम वाईट करते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, काम चांगलं करते, पण ऐकून घ्यावं लागतं.

मला बस स्टँडच्या मागे खोली मिळाली ती नेमकी पंचफुलाबाईच्या दुकानाला भिंत लावून. आमच्या मधे एवढीच एक विटांची ओळ होती, आणि तिच्या आवाजापुढे ती काहीच नव्हती.

पन्नाशीची, हाडापेरानं मोठी बाई. लुगडं पोटरीच्या वर खोचलेलं, त्यावर वारलेल्या नवऱ्याचा खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. हाताच्या नखांत काळं वंगण इतकं बसलेलं की सणाच्या दिवशी तिनं मेंदी काढली तरी कोणाला कळलं नसतं. एक मुलगा उटनूरला शिक्षक होता. तो सुट्टीत येई, दुकानासमोर उभा न राहता सरळ मागच्या दारानं घरात जाई, आणि जाताना दरवेळी म्हणे की आई, आता बंद कर हे. ती त्याला डबा भरून देई आणि काही बोलत नसे. ती ज्याला काहीच बोलत नसे असा तो एकटाच माणूस मी पाहिला.

बाकी सगळ्यांना ती बोले. गिऱ्हाईक आलं की आधी उलटतपासणी. गाडी कोण चालवते? कोणत्या रस्त्यानं? मागं काय लादता? माझ्या सायकलीचं टायर बसलं म्हणून मी गेले, तर तिनं माझं वजन विचारलं. मी संकोचून काहीतरी आकडा सांगितला. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "म्याडम, खरं सांगा. चाकाले तं समजतेच."

टायर राहिलं बाजूला. पुढच्या चिमट्याला, म्हणजे ज्यात पुढचं चाक बसतं त्या दांड्याला, बारीक चीर गेली आहे असं तिनं दाखवलं आणि सायकल आत नेऊन भिंतीला टेकवली. ही आता मी देत नाही, म्हणाली. मी म्हटलं, अहो, माझी सायकल आहे. तर म्हणाली, "गाडी तुमची हाय. दात बी तुमचेच हायेत ना?" कधी मिळेल विचारलं तर होईल तवा होईल. मी शाळेत पायी जात राहिले. सायकल हातात आली तेव्हा मात्र ती इतकी गुपचूप चालत होती की मला वाटलं दुसऱ्याचीच दिली.

दुरुस्त झालेली कुठलीही गाडी परत देण्याआधी ती स्वतः त्यावर बसे. लुगड्याचा काष्टा घट्ट करून, नागपूरकडे निघालेल्या ट्रकांच्या कडेकडेनं पेट्रोल पंपापर्यंत जाई आणि वळून येई. ड्रायव्हर हॉर्न वाजवत, पोरं हसत. तिला त्याचं काही नव्हतं. मी पडली नाही तर तू पडत नाहीस, एवढंच ती गिऱ्हाइकाला सांगे आणि गाडी त्याच्याकडे ढकले.

तिचं हे तोंड कुठून आलं ते मला हळूहळू समजलं. नवरा होता तेव्हा दुकान त्याचं. तो फार गोड बोले, गिऱ्हाईक त्याच्यावर खूश. ही मागे बसून चाकं सरळ करी. तो वारल्यावर ही पुढे बसली, तर माणसं येत आणि विचारत, मिस्त्री कुठं आहे. मीच मिस्त्री म्हटलं तर हसून पुढे जात. काही जण तिच्या हातातला पाना काढून घेऊन तिलाच शिकवू लागत. गोड बोललं की लोकांना ती मिस्त्री वाटत नसे. एकदा खेकसली की वाटे. मग ती खेकसतच राहिली. नवऱ्याबद्दल ती एकदाच बोलली. म्हणाली, "माहा माणूस गोड होता बाई. म्हणूनच गाड्या परत परत येत."

पण तिचं नेहमी बरोबरच असे असं नाही. तलमडुगुकडचा एक बाप मुलीसाठी नवी सायकल घेऊन आला होता. कॅरियर आणि घंटी बसवायची होती. मुलगी माझ्याच वर्गात. सायकल तिला उंच होती, सीट पार खाली केली तरी पाय टेकत नव्हते. वाढत्या वयाची आहे, दोन वर्षं चालेल, असा बापाचा हिशोब. पंचफुलाबाईनं कॅरियर लावायला साफ नकार दिला. एवढंच करून थांबली नाही. भर बाजारात त्याला म्हणाली की पोरगी तुला जड झाली का. बाप तांबडालाल झाला. सायकल उचलून घेऊन गेला. मुलगी मान खाली घालून मागे. त्यानंतर कित्येक दिवस ती शाळेत आली नाही, कारण सायकल जिथून घेतली त्या दुकानात परत गेली होती आणि चालत यायचं म्हणजे अंतर फार. मी संध्याकाळी पंचफुलाबाईला म्हटलं, तुमचं खरं होतं, पण जरा गोडीनं सांगितलं असतं तर? ती चेनला तेल सोडत होती. वर न बघता म्हणाली की गोड बोलून चाक सरळ होते काय.

पुढे मात्र रोज सकाळी मी निघाले की ती भिंतीपलीकडून विचारी, थे पोरगी आली काय? आणि मी नाही म्हटलं की तिचा हातोडा उगीचच जोरात वाजे.

मग समोर दिलीपचं दुकान झालं.

दिलीप भैंशाच्या किराणावाल्यांच्या घरातला, तिशीचा, हसतमुख. रस्त्यापलीकडे त्यानं काचेचं दुकान घातलं. गिअरच्या सायकली छताला टांगलेल्या, गिऱ्हाइकाला बसायला खुर्च्या, थंड पाणी, कामगारांना एकसारखे निळे शर्ट. कुणीही आलं की अन्ना बसा, अक्का बसा, चहा सांगू का. पंचर काढायला आलेला म्हातारासुद्धा तिथे पाहुण्यासारखा बसे. त्याचे मिस्त्री मात्र टिकत नसत. निर्मलहून येत, काही आठवडे काम करत आणि निघून जात. काम कधी ठीक होई, कधी नाही. पण तिथून कोणी अपमान घेऊन बाहेर पडत नसे, आणि इचोड्याला तेवढं पुरे होतं.

दिलीप पेढे घेऊन हिच्याकडे आला होता. मी तेव्हा दारातच होते. बाई, माझ्याकडे या, मोठी मिस्त्री म्हणून, असं त्यानं मनापासून म्हटलं. तिनं पेढा घेतला, खाल्ला, हात शर्टाला पुसले.

"तुया दुकानात हसा लागते," ती म्हणाली. "मले जमत नाई."

तो हसला. ती हसली नाही.

त्या वर्षी तिचं दुकान ओस पडत गेलं. टांगलेल्या टायरांवर धूळ बसली. ती पायरीवर बसून समोर पाहत राही, आणि तिकडून कुणी सायकल घेऊन निघालं की रस्ता ओलांडून जाईल अशा आवाजात म्हणे, चेन ढिली हाय त्याची. मागचं चाक लचकून राह्यलं. दिलीपचं हसणं कमी होऊ लागलं. तिच्या जातीच्या वस्तीतली माणसं येऊन तिला सांगून गेली की बाई, गप राहा, पैसेवाल्याशी कशाला वैर. मला घरात बसून वह्या तपासतानाही कान तिकडेच ठेवावे लागत, कधी काय पेटेल याचा नेम नव्हता.

पेटलं ते मारोती माळी याच्यावरून.

मारोती टेकडीपलीकडच्या गावचा. वांगी, टोमॅटो, सांभार म्हणजे कोथिंबीर असं पिकवायचा आणि सायकलीला दोन्हीकडे पोती बांधून बाजाराला आणायचा. साठीचा असेल, अंगानं काटक, स्वभावानं मऊ. तिच्या नवऱ्याच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. ती त्याला मनसोक्त बोले आणि तो ऐकून घेत, मान हलवत, जाताना चार वांगी तिच्या पायरीवर ठेवून जाई. बाजाराच्या आदल्या दिवशी त्यानं समोर दिलीपकडे नवे ब्रेक बसवून घेतले. तिनं ते पायरीवरून पाहिलं होतं. त्या दिवशी तिनं चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार उरकून मारोती तिच्याकडेच आला. रिकामी पोती मागे गुंडाळलेली. नव्या ब्रेकचं रबर चाकाला घासत होतं आणि गाडी जड चालत होती. दिलीपकडे गर्दी होती, म्हणून आलो, असं तो भोळेपणानं बोलून गेला.

तेवढं पुरलं. तिनं गाडी उलटी केली, पुढच्या चाकाचे दोन्ही बाजूचे नट सैल केले, चाक तिरकं बसलंय ते सरळ करू लागली, आणि हाताबरोबर तोंड सुरू झालं. तिकडे थंड पाणी मिळते म्हणून गेला काय? खुर्चीवर बसून आला, आता इथं जमिनीवर काऊन आला? गावोगावची माणसं बाजारातून परतत होती, ती थांबून ऐकू लागली. समोर दिलीप बाहेर येऊन उभा राहिला. मारोती हात जोडून म्हणत होता की बाई, राहू दे, उशीर होऊन राह्यला. तो जितका मऊ बोले तितकी ती चढे. शेवटी तिनं गाडी सरळ उभी केली आणि त्याच्या अंगावर लोटली.

"जाय," ती म्हणाली. "पुन्यांदा माह्या दुकानाची पायरी चढजो नको."

मारोती गाडी धरून गर्दीतून गेला. त्या दिवशी पायरीवर वांगी नव्हती.

दिवेलागणीला बातमी आली. टेकडीच्या उतारावर मारोतीच्या सायकलीचं पुढचं चाक निघालं. तो दगडावर फेकला गेला, मांडीचं हाड मोडलं, डोक्याला खोक पडली. आदिलाबादच्या दवाखान्यात नेलंय. जगेल असं म्हणतात, पण सांगता येत नाही.

भिंतीपलीकडे सगळे आवाज थांबले. मी जाऊन पाहिलं तर ती खाली बसून दोन्ही हातांचे पंजे समोर धरून बघत होती. मी हाक मारली. तिनं मान हलवून मला जायला सांगितलं.

सकाळी दुकानं उघडत होती तेवढ्यात मारोतीचा मुलगा गजानन आला. ऑटोतून त्यानं ती मोडकी सायकल आणली होती. ऑटोमागे गावची माणसं, मोटरसायकलींवर. त्यानं सायकल दिलीपच्या काचेसमोर आपटली. ब्रेक इथं बसवला, परवा बसवला, सगळ्यांना माहीत होतं. दिलीप हात पुढे करून काहीतरी सांगत होता, अन्ना ऐका, दादा ऐका. त्याचं कोणी ऐकत नव्हतं. निळे शर्ट मागच्या दारानं निघून गेले. कुणीतरी अर्धी वीट उचलली. ट्रक थांबले होते, ड्रायव्हर खिडकीतून पाहत होते.

इकडे पंचफुलाबाईच्या पायरीवर तिच्या वस्तीतली दोघंतिघं उभी होती. मी दारात होते, मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ते म्हणत होते की आत जाऊन बस, आपल्याला कोणी विचारून राह्यलं नाही. एक म्हातारा तर तिच्या वाटेतच उभा राहिला. तू बोललीस तर तुझ्या एकटीवर थांबणार नाही, वस्तीवर येईल, असं तो हळू आवाजात सांगत होता. तो उगीच घाबरत नव्हता. समोर आलेलं गाव कोणत्या जातीचं आणि ही कोणत्या, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तिनं त्याला हातानं बाजूला केलं आणि रस्ता ओलांडला.

मीही मागे गेले. काय करायला गेले ते मला आजही सांगता येत नाही. ती गर्दीतून सरळ मोडक्या सायकलीपाशी गेली, खाली बसली, पुढचा चिमटा चाचपला आणि उठली.

"गजू, वीट खाली ठेवाले सांग," ती म्हणाली. "याची चूक नाई. तुया बाप इथून माह्याकडं आला होता. चाक म्या सोडलं. एका बाजूचा नट पान्यानं आवळला, दुसऱ्या बाजूचा हातानंच लावला अन् भांडत बसली. बसून पाहाची होती मले गाडी. नाई पाह्यली."

आधी कुणाला खरंच वाटलं नाही; बाजारात सगळ्यांनी तिचं तोंड ऐकलं होतं, हात कुणी पाहिले नव्हते. मागून कुणीतरी म्हणालं की दिलीपनं हिला शिकवलं असेल. ते ऐकून दिलीपच तिच्याकडे तोंड उघडं टाकून पाहू लागला. गजाननचे डोळे मात्र तिच्यावरून हलले नाहीत. तिच्या शर्टाच्या खिशात पाना होता, तो त्यानं ओढून काढला. हात वर गेला. मी तिच्या मागे अगदी जवळ होते. ती हलली नाही, हातही आड केले नाहीत.

त्यानं पाना रस्त्यावर फेकला. डांबरावर तो उडत उडत ट्रकखाली गेला.

"बापाच्या समोर सांग," तो म्हणाला. "चाल."

तिला त्यांनी ऑटोत बसवलं. चार माणसं आणि ती. मी काही न विचारता पुढे ड्रायव्हरजवळ बसले. ऑटो आदिलाबादच्या रस्त्याला लागला. गजाननची मूठ सबंध वाट उघडत होती, मिटत होती. मला राहून राहून वाटे की ऑटो मधेच एखाद्या आडवाटेला वळेल. तो वळला नाही.

मारोती शुद्धीवर होता. डोक्याला पट्टी, पाय वर बांधलेला, वजन लोंबकळत असलेला. पंचफुलाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि रस्त्यावर बोलली होती तेच तितक्याच शब्दांत पुन्हा बोलली. गजानन बापाकडे पाहत होता. बापानं मान हलवली असती तर त्यानं तिथंच काय केलं असतं कोण जाणे.

मारोतीनं नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "मले मालूम होतं."

कुणाला कळेना.

"नाक्यापाशीच समजलं होतं, चाक हालून राह्यलं म्हणून. उतरून पाह्यलं बी. वाटलं, परत जाव, बाई दोन मिंटात आवळून देईन." त्याचे ओठ कोरडे पडले होते, गजानननं त्याला चमच्यानं पाणी पाजलं. "पण पुन्यांदा तुयं तोंड ऐका लागलं असतं. सारा बाजार पाहत होता. म्हटलं, जाऊ दे, हळू हळू जाऊ."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. रस्त्यावर पाना उगारला होता तेव्हा जी बाई हलली नव्हती, ती आता खाटेची दांडी धरून हळूहळू खाली बसली. गजानननं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं तो एवढंच म्हणाला की हिला घेऊन जा, म्याडम, इथं थांबू देऊ नका.

परत आम्ही बसनं आलो. ती खिडकीशी बसली होती. इचोडा जवळ आलं तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हणाली की त्या पोरीचा बापसुद्धा असाच माझ्या तोंडाला भिऊन परत आला नसेल ना. कोणती पोरगी, मी विचारलं, आणि विचारताना मला ती उंच सायकल आठवली.

मारोती वाचला. पाय जुळला, पण आखूड झाला. सायकल सुटली, बाजार सुटला; गजानन मोटरसायकलवर भाजी आणू लागला. पंचफुलाबाई दवाखान्यात दोनतीनदा जाऊन आली. मग गजानननं येऊ नका म्हणून निरोप पाठवला, तेव्हापासून गेली नाही. गजानन तिच्या दुकानासमोरून जाई तेव्हा गाडीचा वेग वाढवी. वस्तीवर काही आलं नाही. पण तिच्या हातचं चाक निघतं अशी गोष्ट गावोगाव पोचली, आणि जी थोडी गिऱ्हाइकं होती तीही रस्ता ओलांडून गेली. दिलीप एकदा येऊन तिच्या पायरीवर बसला होता. काऊन सांगितलं बाई, त्यानं विचारलं. तिनं त्याच्यासोबत आलेल्या कामगाराच्या हातात नट आवळायचा आपला जुना लांब पाना दिला, एवढंच मी पाहिलं.

मुलाला वाटलं, आता तरी ती बंद करेल. तिनं केलं नाही. काही महिने ती सकाळी दुकान उघडून रिकामीच बसे. मग एकेक करून माणसं येऊ लागली, बहुतेक लांबची, ज्यांना काही ठाऊक नव्हतं. ती त्यांच्याशी गोड बोलायला लागली असं काही झालं नाही. प्रयत्न करी ते मला भिंतीतून ऐकू येई. शब्द तोंडाशी येत आणि ती ते गिळी, मग नुसता हातोडा वाजे.

गेल्या वर्षी माझी बदली झाली. सामान आधीच गेलं होतं, मी पिशवी घेऊन बसमधे बसले होते आणि बस सुटता सुटत नव्हती. खिडकीतून तिचं दुकान दिसत होतं. एक म्हातारा, डोक्याला फडकं बांधलेला, सायकल घेऊन निघाला. थोडा पुढे गेला असेल, तोच ती दुकानातून धावत बाहेर आली. लुगडं सावरत, रस्त्याच्या मधोमध, मागून येणाऱ्या ट्रकची पर्वा न करता.

"ओ भाऊ," ती ओरडली. "वाटेत जरासं बी हाललं, वाजलं, तं परत येजो. मी काही बोलत नाई."

म्हाताऱ्याला वाटलं ती रागावली आहे. तो घाईघाईनं पायडल मारू लागला, आणि ती तशीच ओरडत त्याच्या मागे जात राहिली.